व्हितोरेची कॉलर

शिवणकामात व्हितोरेचा हात धरणारं आमच्या श्कोडर शहरात कुणी नव्हतं. सरकारी शिवणखात्यात आम्ही दोघी वर्षानुवर्षं शेजारच्या मशीनवर बसलो. दिवसभर राखाडी कोट शिवायचे, आणि तेही असे की आत माणूस आहे की बटाट्याचं पोतं, हे कळू नये. पण व्हितोरेच्या हातचा धागा मी कधी लोंबताना पाहिला नाही. सुटा धागा दिसला की तिला घास गोड लागत नसे.

१९७४ साली तिच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. व्हितोरेचा नवरा केव्हाच वारलेला. लग्नात घालायला व्हितोरेने स्वतःसाठी निळा ब्लाउज शिवला आणि त्याला खांद्यापर्यंत पसरणारी टोकदार कॉलर लावली. हौसेने एकदा कामावरही घालून आली. लगेच फाटकाजवळच्या भिंतीवर तिच्या नावाचा कागद लागला. आमच्या अल्बानियात रीतच होती ती. कुणाचं काही खटकलं की मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर डकवायचं, आणि त्या माणसाने भर सभेत उत्तर द्यायचं. लिहिलं होतं कापड तपासणाऱ्या प्रेंगने: 'कॉम्रेड व्हितोरेची कॉलर इटलीच्या टीव्हीवर गाणाऱ्या बाईची आहे, हुबेहूब.'

इटलीचा टीव्ही बघितला तर तुरुंग. बघायचे मात्र सगळेच, पडदे ओढून आणि आवाज बारीक करून.

सभेत ब्लाउज टेबलावर ठेवला होता, चोरीचा माल ठेवावा तसा. व्हितोरे उत्तर द्यायला उभी राहिली. तिची नोकरी जाणार, मुलीचं लग्नही मोडणार, असंच मला वाटलं.

"मी आपली मनाने शिवली," ती म्हणाली. "पण प्रेंगभाऊ, त्या बाईची कॉलर कशी होती, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. पक्षाचे चिटणीस झेफ घाईघाईने म्हणाले, "बरं, बरं. नोकरी राहील. कॉलर तेवढी इथेच काढा."

कात्री प्रेंगच्या हातात दिली. त्याने कॉलर कापली कसली, ओरबाडली. वर आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. रणगाडे बाळगणाऱ्या सरकारला वीतभर कापडाची धास्ती वाटावी, आणि लाज मात्र व्हितोरेने बाळगावी?

लग्नाच्या सकाळी मी सुईदोरा घेऊन तिच्याकडे गेले. "आण इकडे, गळ्याला नुसती दुमड घालते. व्याही काय म्हणतील?"

"राहू दे गं," ती म्हणाली. "मी नाही फाडलेलं."

तशीच वावरली ती लग्नात, गळ्याभोवती धागे लोंबत. झेफ अभिनंदनाला आले. हातात राकी दारूचा पेला होता, पण नजर पुन्हा पुन्हा त्या गळ्याकडे जात होती.

व्हितोरे त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"नीट बघा, कॉम्रेड," ती म्हणाली. "हे तुमचं शिवणकाम."