गाडी निफाडलाच का अडते?

माझा धाकटा भाऊ गोरक्ष नोकरीभर मनमाड स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसला आणि गाड्या त्याने फक्त ऐकल्या. फलाट पाठीमागे, समोर रांगेतली वैतागलेली तोंडं. निवृत्त होऊन नाशिकरोडला घर केलं, तेव्हा माणसं पेन्शनीतून तीर्थयात्रा करतात, याने खेळण्यातली आगगाडी आणली. 'खेळण्यातली' म्हटलेलं त्याला खपत नाही. 'मॉडेल' म्हणायचं. बरं बाबा, मॉडेल.

हॉलमध्ये प्लायवुडचं टेबल आलं आणि सोफा गॅलरीत गेला. टेबलाच्या एका टोकाला मनमाड, दुसऱ्याला नाशिकरोड, मधे लासलगाव, निफाड, ओढा. बाकीची स्टेशनं टेबलात मावली नाहीत. लासलगावला कांद्याचे ढीग म्हणून अख्खे मसूर चिकटवलेत, निफाडला हिरव्या लोकरीच्या द्राक्षबागा. दृष्ट लागावी असं काम, खोटं कशाला बोलू? विजेचं काम मात्र मोबाइलवर बघून शिकलेलं. एकदा दोन तारा उलट्या जोडल्या आणि इंजिन नाशिककडे निघायचं ते मनमाडच्या भिंतीवर जाऊन आदळलं. हा म्हणाला, "परतीची गाडी आहे, अक्का."

त्याची बायको दीपमाला निफाडची. बाई गुणी, पण तिचा हॉल गेला होता. भजनाच्या बायका स्वयंपाकघरात बसवून बसवून ती कंटाळली आणि घटस्थापनेला तिने जाहीर केलं, "दसऱ्याच्या दिवशी गाडी न अडता मनमाडहून नाशिकला आली पाहिजे. नाही आली, तर टेबल सोमनाथ घेऊन जाईल."

सोमनाथ तिचा भाऊ. द्राक्षाच्या पॅकिंगला त्याला असंच लांबरुंद टेबल हवं होतं. दसऱ्याला तो झेंडू विकायला टेम्पो घेऊन नाशिकला येतो आणि जाताना टेम्पो रिकामाच जातो. म्हणजे धमकीला चाकंसुद्धा होती.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गोरक्षचा फोन आला. "अक्का, आली! पुन्हा सोडली, पुन्हा आली! उद्या जेवायलाच ये."

गेले. दारात रिकामा टेम्पो. आत सोमनाथ श्रीखंड-पुरी हाणत होता आणि डाव्या हाताने टेबलाची रुंदी वितीने मोजत होता.

"दाजी, प्लाय अठरा एमएमचा हाय ना?"

"आधी गाडी बघ, मग प्लाय बघ," गोरक्ष म्हणाला आणि त्याने कंट्रोलरचं बटण फिरवलं.

गाडी जागची हलली नाही. कंट्रोलरवरचा लाल दिवा मात्र ऐटीत लागला.

"शॉर्ट आहे कुठेतरी," गोरक्षचा चेहरा उतरला.

"मग तो ट्रान्सफॉर्मर बदल," मी म्हटलं. मला असल्या गोष्टींत घोळ घातलेला चालत नाही.

"अक्का, ताप आला म्हणून थर्मामीटर बदलतात का?"

याने मला दिलेलं हे पहिलं बरं उत्तर. त्याने रुळांचे तुकडे पाडून प्रत्येक स्टेशनाला वेगळं बटण दिलं होतं. सगळी बटणं बंद केली, मग एकेक लावत गेला. मनमाड लावलं, दिवा हिरवा. लासलगाव, हिरवा. निफाड लावलं आणि लाल.

"बिघाड निफाडला आहे," तो म्हणाला.

दीपमाला वाढायचा डाव हातात घेऊनच बाहेर आली. "निफाडलाच का? मनमाडला नाही, ओढ्याला नाही, नेमका माझ्या माहेरी बिघाड?"

"अगं, दिवा सांगतोय."

"दिवा तुमच्याकडचा आहे!"

सोमनाथ पुरी हातात घेऊन हसत सुटला. गोरक्ष टेबलाखाली शिरला, उताणा पडून तारा चाचपू लागला. वरून फक्त त्याचे मोजे दिसत होते. मी वाट बघणारी बाई नव्हे. मी वाकून विचारलं, "काल चालत होती ना? मग कालपासून काय बदललं तेवढं सांग."

"काहीच नाही," टेबलाखालून आवाज आला.

"वन्सं, कुणी हातसुद्धा लावला नाही," दीपमाला म्हणाली.

म्हणून मी स्वतःच चष्मा चढवून निफाड बघायला घेतलं. स्टेशनाच्या छपरावर झेंडूच्या पाकळ्यांचं बोटभर तोरण होतं. इतर कुठल्याही स्टेशनाला नव्हतं. तोरणाचा दोरा सोनेरी, आणि त्याचं टोक खाली लोंबून दोन्ही रुळांवर आडवं पसरलेलं.

"दीपमाला, हा दोरा कसला?"

"जरीचा. माझ्या लग्नातल्या शालूची आहे. खरी, जुनी तार. का?"

गोरक्षने बाहेर यायच्या घाईत टेबलाला डोकं आपटून घेतलं. मी चिमटीने दोरा उचलला, दिवा हिरवा झाला. सोमनाथचं हसू थोडं कमी झालं.

गाडी सुटली. मनमाड सोडलं, लासलगावचे मसूर मागे पडले आणि निफाडच्या फलाटाला लागताच उचकी लागल्यासारखी दोनदा दचकून उभी राहिली. गोरक्षने बोटाने ढकलली, हातभर गेली, पुन्हा उभी.

"दाजी, टेम्पो लावू का मागं?" सोमनाथने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"थांब रे!" गोरक्षने मल्टिमीटरची टोकं रुळांना टेकवली, आणि मग जोर देऊन खरवडली. "करंट आहे की पुरेपूर! मग इंजिन का घेत नाही?"

रुळात वीज आहे, इंजिन धडधाकट आहे, तर घोटाळा दोघांच्या मधे असणार. एवढं कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. मी रुळावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं, टोकाला लाल. नाकाशी नेलं. हळद.

मी बोट दीपमालासमोर धरलं.

"पूजा केली सकाळी," ती म्हणाली. "मिक्सरची केली, स्कूटरची केली, शिलाई मशीनची केली. हिचीच तेवढी ठेवायची? दसरा आहे वन्सं!"

"तू तर म्हणालीस कुणी हात लावला नाही?"

"पूजेला हात लावणं म्हणतात का?"

इंजिनाच्या चाकांनाही कुंकवाची बोटं होती, वाळून खडखडीत झालेली. पण रुळांवर हळदीकुंकू होतं ते फक्त निफाडला. बाकीच्या स्टेशनांना नुसतं फूल. जे टेबल घराबाहेर काढायचं, त्याच्यावरच्या माहेराला बाईने पहाटे उठून शालू उसवून तोरण बांधलं होतं.

गोरक्ष तिला म्हणाला, "घालवायचंही होतं आणि ओवाळायचंही होतं?"

"घालवायचं म्हणून तसंच पाठवायचं का? सवाष्ण बाईच्या घरातून?" असं म्हणत तिनेच देवघरातला कापूस आणून दिला. सोमनाथने टेम्पोतल्या फर्स्ट-एडच्या डब्यातून स्पिरिट आणलं. आपलं टेबल आपल्याच हाताने घालवायला मोठं मन लागतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

रूळ पुसले, चाकं पुसली. गोरक्षने बटण फिरवलं. मनमाड. लासलगाव. आम्ही सगळे निफाडवर डोळे लावून. गाडी आली, फलाटाला लागली आणि खडखडत सरळ निघून गेली. ओढा. नाशिकरोड. गोरक्षने नाशिकरोडला ती उभी केली आणि दोन्ही हात वर केले.

सोमनाथने टेम्पोची किल्ली खिशात टाकली. "जाऊ द्या दाजी. अठरा एमएम मला जडच झाला असता."

"म्हणजे टेबल राहिलं?" गोरक्षने बायकोला विचारलं.

"राहू दे. सोफ्याला आता गॅलरीची सवय झाली आहे," ती म्हणाली. पण चेहरा फुगलेलाच. "ही निफाडला थांबली का नाही?"

"अगं, न अडता यायला हवी होती ना? तूच म्हणालीस!"

"अडायचं नव्हतं. थांबायचं नव्हतं असं कुठे म्हटलं मी? माझ्या माहेरावरून तोंड फिरवून गेली. पुन्हा आणा मनमाडहून."

गोरक्षने गाडी पुन्हा मनमाडला नेली.