मायनस चार आणि आईची टोपडी

परवा लातूरला घरी पोहोचले, तर दारात कुणी हसेना... मी आपली ऐटीत गोल्फची बॅग खांद्यावर टाकून रिक्षातून उतरले, आणि आमच्या खानावळीत जेवायला बसलेल्या पोरींनी माना खाली घातल्या. एकीने तर उठून मला स्वतःचं पाणी दिलं.

थोडं मागचं सांगते. मी व्यावसायिक गोल्फ खेळते. मुख्य टूरच्या, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धामालिकेच्या खाली मुलींची एक छोटी टूर असते. तिथे वर्षभर खेळून वरचे नंबर राखले, तरच मुख्य टूरवर पुढच्या वर्षीची जागा पक्की होते.

बाबा फौजेत होते, छावणीच्या मैदानावर त्यांनीच मला शिकवलं. आई लातुरात नीट-जेईईच्या क्लासच्या पोरींसाठी खानावळ चालवते. तिने मला मोजून एक वर्ष दिलं होतं... जमलं तर ठीक, नाहीतर गुपचूप बी.एड.

सीझनची सुरुवात वाईट झाली. पहिल्या तीन स्पर्धांत दोन दिवसांतच बाहेर पडले आणि बॅग भरली. पण मी कुठली ऐकतेय! चौथ्या स्पर्धेपासून हात असा बसला, की बरोबरच्या पोरी माझा स्विंग मोबाईलवर शूट करायला लागल्या.

शेवटच्या स्पर्धेचं शेवटचं होल. चार फुटांवरून बॉल आत गेला तर जागा माझी, नाहीतर बी.एड.  बॉल सरळ आत गेला.

पूर्ण स्पर्धेत ठरलेल्यापेक्षा चार फटके कमी लागले. याला आम्ही मायनस चार म्हणतो. गोल्फमध्ये जितकं मायनस, तितकं भारी.

एरवी स्कोअर मी बाबांना कळवते, ते आईला समजावतात. पण त्या दिवशी बाबा हदगावला लग्नात, फोन लागेना. मग मी थेट आईलाच मेसेज केला... 'मायनस चार! संपलं एकदाचं!' आणि रात्रीच्या गाडीत बसून ढाराढूर झोपले.

आता लातुरात मायनस म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उत्तर चुकलं की मार्क कापतात, तो मायनस. आईने मेसेज पोरींना दाखवला, आणि पोरींनी निकाल सांगून टाकला... काकू, ताईला शून्यसुद्धा पडलं नाही, ती शून्याच्याही खाली गेली.

त्यामुळे घरात हे सुतक! शेजारच्या नसीमखाला, शिवणकाम करतात, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "टेन्शन नको घेऊ बेटा. रिपीट मार. इथं पोरं दोन-दोन डाव रिपीट मारून ऱ्हायलेत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "संपलं कोन म्हनलं तुला?"

आईचं माहेर भूकंपात गेलं. तिने पत्र्याच्या शेडमध्ये राहून बारावी दिली. 'संपलं' हा शब्द तिला अजिबात चालत नाही, तेल संपलं तरी ती 'तेल आणायचंय' म्हणते.

तिने माझ्यासमोर एक पिशवी ठेवली. आत माझ्या क्लबना, म्हणजे गोल्फच्या काठ्यांना घालायची टोपडी होती... पोपटी, राणी, जांभळी, आतून अस्तर, खाली नाडी. घरी पडलेल्या माझ्या जुन्या क्लबांची मापं घेऊन, दोघींनी रातोरात खालांच्या मशीनवर शिवलेली.

"काठ्यांना ऊन लागतंय, पुढच्या वर्षी झाकून नेत जा," आई म्हणाली. "एक वर्ष म्हनले होते मी, ते ऱ्हाऊ दे. लई बी.एड. झालेत लातुरात."

मग मी खरं सांगितलं. पोरींनी ताटं वाजवली, खाला ओरडल्या, "म्हंजे मायनस चांगलं? आधी सांगायचं ना गं, आम्ही रडून ऱ्हायलो इथं!" आईने पदराने डोळे पुसले आणि वर मलाच झापलं, मेसेज नीट लिहिता येत नाही म्हणून.

जागा मी माझ्या खेळावर मिळवली, त्याचा मला पुरेपूर अभिमान आहे. पण टोपडी पाहून मला रडू आलं. मी शून्याच्या खाली गेले असं समजूनही आईने माझं पुढचं वर्ष शिवायला घेतलं होतं.

फोटो टाकतेय, हसा खुशाल. पुढच्या सीझनच्या पहिल्या होलवर ड्रायव्हरला, म्हणजे माझ्या सगळ्यात लांब काठीला, हेच पोपटी टोपडं असणार आहे. आई, थँक्यू गं... आता मायनस दहा आणते.