अप्पांनी सांगितलेली चित्रं

मुंबईला जाऊन आलेला माणूस घरी मिठाई आणतो, कापडं आणतो. आमचे अप्पा चित्रं आणायचे, तीही नुसती बघून. सकाळी बिदरकडच्या आमच्या हुमनाबादला बसमधून उतरले की आंघोळ, चहा, मग दुकान. संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकून ते डोळे मिटायचे आणि अक्काला म्हणायचे, "हं, बघ आता." समोर बसलेली अक्काही डोळे मिटायची. मग अप्पा चित्र सांगायला लागायचे.

अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, आणि अक्का त्यांची बायको. हायवेला लागून अप्पांचं लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माल आणायला ते कधी हैदराबादला जात, कधी मुंबईला. अक्काला मात्र बस लागायची. गावाबाहेरचे धाबे मागे पडायच्या आत तिच्या पोटात ढवळायला लागे. माहेरी मादन हिप्परग्याला जायचं तरी सगळी वाट लिंबू हुंगत जायची.

अप्पांना प्रदर्शनांचा नाद लागला तो उन्हामुळे. मुंबईतलं बेअरिंगचं दुकान दुपारी जेवायला बंद झालं, म्हणून गारव्याला ते एका कलादालनात शिरले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलेच नाहीत. "तिथं कुणी 'काय पाहिजे' म्हणून इचारंना," ते सांगायचे. "जन्मभर मी गिऱ्हाइकाला तेच इचारायलोय. म्हटलं, ही जागा बरी हाय."

रंग सांगायची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. "पिवळं म्हंजे हळदीचं न्हाई गं. तुरीच्या फुलाचं, दिवस बुडताना दिसतंय तसलं." लाल असला तर "बिदरची माती, वर नुकतं पाणी मारलेलं." अक्का मधेच विचारायची, "वारा कुठनं यायलाय?" किंवा "घरात काय शिजायलंय?" अप्पांना उत्तर द्यावंच लागे. मी लहानपणी दोघांच्या मधे डोळे मिटून बसायची. हायवेवरच्या लॉऱ्यांचा आवाज हळूहळू लांब जायचा, आणि आपण कुठल्या गावात आहोत तेही विसरायला व्हायचं.

पुढे मी मुंबईत शिकायला गेले, तेव्हा एकदा त्यांच्याबरोबर प्रदर्शनाला गेले होते. एका भिंतीएवढ्या चित्रापाशी अप्पा थांबले. रिकामं घर. उघडं दार, विझलेली चूल, जमिनीवर पडलेलं ऊन. माणूस कुणीच नाही. चित्र काढणारी तरुण बाई तिथेच होती, ती समजावून सांगायला पुढे आली. अप्पांनी हात जोडले. "जरा थांबा बाई, आधी बघू द्या." खूप वेळानं त्यांनी एकच विचारलं, "हितं वारा कुठनं येतो?"

ती गोंधळून आपल्याच चित्राकडे बघायला लागली. "तसं काही ठरवलं नव्हतं हो."

"मग ठरवून टाका. घरी इचारतील मला."

ती हसली. म्हणाली, "दारातून." अप्पा समाधानानं निघाले.

हुमनाबादला रेल्वे आली तेव्हा आता अक्कालाही नेता येईल म्हणून अप्पा हरखले होते. पण त्याच सुमारास त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मी मुंबईतच नोकरीला लागले होते. मग रविवारी मी प्रदर्शनाला जायची आणि व्हिडिओ कॉल लावायची. पलीकडे अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आणि अक्का ठेवणीतली साडी नेसून बसलेली असायची. एरवी अप्पा इंटरनेटवर बोटानं पडदा सरकवत कलादालनं फिरायचे. "फुडं सरक म्हटलं तर भिंतीत शिरायलंय हे," म्हणून चिडायचेही.

अशाच एका रविवारी त्याच चित्रकार बाईंच्या मोठ्या प्रदर्शनात मला ते घराचं चित्र पुन्हा दिसलं. आनंदानं मी फोन समोर धरला.

अक्का पुढे झुकली. "हे तेच घर का? दारातनं वारा येतो ते?"

"तेच की!" मी म्हटलं.

"मग ती बाई कुठंय? चुलीपशी पाठमोरी बसलेली. हिरव्या लुगड्यातली."

तशी बाई त्या चित्रात कधीच नव्हती. अप्पा खाली बघत पुटपुटले, "तवा व्हती."

"चित्रातली बाई उठून जाती व्हय?" अक्का म्हणाली, आणि फोन बंद झाला.

सुट्टीत मी घरी गेले तेव्हा कळलं, त्या दिवसापासून अक्का गच्चीवर गेलीच नव्हती. आवाजात राग नव्हता, पण काहीतरी हरवल्यासारखी ती मला विचारत होती, "इतकी वर्षं मी काय बघितलं गं मग? त्या होडीतला म्हातारा, पायरीवरची पोर... तीबी नव्हती का?"

अप्पा दारात उभे होते. "काही व्हती, काही न्हाई."

"कामून केलं असं?"

ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "एवढं मोठं रिकामं घर. तुला तिथं न्यायचं आन एकटीला सोडून उठायचं? मन हुईना माझं. म्हणून कुणाला तरी सोबतीला बसवायचो."

अक्का उठून आत गेली. थोड्या वेळानं भाजीचं ताट घेऊन आली आणि निवडता निवडता म्हणाली, "मला ते घर बघायचंय. तिथं जाऊन."

डॉक्टरांनी अप्पांना जाऊ दिलं नाही. मी आणि अक्का रेल्वेनं निघालो. गाडी तिला लागली नाही. खिडकीशी बसून ती सोलापूरपर्यंत नुसती बाहेर बघत होती. पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले, म्हणून मुंबईतली ती दुपार मला अजून सारखी आठवते.

प्रदर्शन अजून चालू होतं. अक्का त्या घराच्या चित्रासमोर उभी राहिली. तिनं मला अप्पांना फोन लावायला सांगितला. "तोंडं दाखवायची न्हाईत. नुसतं बोलायचं."

"पोचलीस?" अप्पांचा आवाज आला.

"पोचले. घर रिकामंच हाय."

"व्हय."

"पण वंगाळ वाटंना. ऊन लई मऊ पडलंय ओ, भिंतीपतुर आलंय. तुमी असता तर हितंच टेकला असता."



"टेकलोय की," अप्पा म्हणाले. "तू सांग फुडं."

अक्का सांगत राहिली. मी जरा लांब जाऊन बाकावर बसले.