उपडी वाटी

अनंतरावांचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरात सकाळचा चहा गाळत होते. "वसुधा गेली. पहाटे," एवढंच ते म्हणाले, आणि मग मलाच धीर द्यावा तसं, "त्रास नाही झाला हो फार." न्यूमोनियाचं निमित्त झालं होतं. संध्याकाळी मी लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरले. इंदिरा नगरच्या वाटेवर टॅक्सीतून मेट्रोचे नवे खांब दिसत राहिले आणि मनात येत राहिलं, की नव्या स्टेशनापासून घरापर्यंतची पावलं वसुधाताईंनी एव्हाना मोजून ठेवली असणार. त्या नाहीत, हे घराची बेल वाजवेपर्यंत खरं वाटलं नाही.

माझ्या नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही लखनौला गेलो, दोन हजार सालानंतर लवकरच. शेजारच्याच घरात वसुधाताई आणि अनंतराव. त्या मूळच्या नागपूरच्या, लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ. अंगाने भरलेल्या, खाण्यापिण्याच्या शौकीन. "काय करून राहिली गं?" असं कुंपणावरून विचारायचं आणि उत्तर यायच्या आत आपल्या हातातली बशी पुढे करायची, ही आमची ओळख. थंडीत जुन्या शहरातल्या चौक बाजारातलं, दुधाच्या फेसाचं मलाई मक्खन खायला मला पहिल्यांदा त्यांनीच नेलं. वजनाचा विषय काढला तर म्हणायच्या, "झाड जाड झालं की त्याला डेरेदार म्हणता ना? मग मला का बोलता?"

मग अनंतरावांची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं. वसुधाताईंचा रक्तगट जुळला, तपासण्या चांगल्या आल्या, आणि डॉक्टरांनी मोडता घातला. "मैडम, आपकी किडनी बढ़िया है। लेकिन इस वज़न पर मैं आपको टेबल पर नहीं लूँगा। पहले कम कीजिए।"

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या माझ्या दारात, पायात बूट. आम्ही रोज पार्कात चालू लागलो. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद फ्रिजवर लागला: दोन फुलके, एक कटोरी चावल, एक कटोरी दाल. त्याशेजारी आलेखाचा कागद, त्यावर रोजचं वजन आणि रोजचं चालणं. चालण्याची रेघ वर वर जात होती. वजनाची मात्र हट्टी पोरासारखी आडवी पडून होती. आठवडे गेले, महिने गेले. अनंतराव काळवंडत चालले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी एकदा सरळच विचारलं, "सच बताइए, बीच में कुछ खाती हैं?" चोरून खाणाऱ्यातल्या वसुधाताई नव्हत्या. खायच्या तेव्हा चारचौघांत खायच्या.

एका रविवारी त्या माझ्याकडे जेवायला आल्या. मी वरण वाढलं. त्या वाटीकडेच बघत राहिल्या. "ही तुझी रोजची वाटी?" म्हटलं, "हो, आईने दिलेली. माझं नाव आहे बघा खाली." जेवल्या आणि वाटी धुऊन पर्समध्ये टाकून चालत्या झाल्या.

सोमवारी त्यांनी माझी आणि स्वतःची, अशा दोन वाट्या प्रयोगशाळेत नेल्या आणि पाणी भरून मापल्या. त्यांची वाटी सासूबाईंची, नागपूरच्या मोठ्या एकत्र कुटुंबातली, पुन्हा पुन्हा वाढायला उठावं लागू नये अशा बेताची. ती माझ्या वाटीच्या जवळजवळ दुप्पट भरली. कागदावर 'एक कटोरी' होतं, त्या एकच वाटी घेत होत्या, अगदी काठोकाठ. कोणाची वाटी, हे ना त्या बाईंनी विचारलं, ना यांनी.

"लॅबमध्ये थेंबाथेंबाचा जाब विचारते मी पोरांना," संध्याकाळी माझ्या ओट्याला टेकून त्या सांगत होत्या, "आणि घरात सासूबाईंच्या वाटीवर शंका नाही आली मला." आधी हसल्या, खूप हसल्या. मग पदर तोंडाशी गेला. "यांचे इतके महिने फुकट गेले गं…" वसुधाताईंना रडताना मी तेवढंच पाहिलं.

माझी वाटी त्यांनी परत केलीच नाही. कुठे जेवायला गेल्या तरी ती पर्समध्ये असायची. जेवून झालं की ताटात उपडी घालायच्या, म्हणजे वाढणाऱ्याचा आग्रहच खुंटला. एका शेजारणीला ते लागलं. "अरे भाभीजी, कटोरी ही उलट दी? कुछ कमी रह गई?" त्यावर या म्हणाल्या, "कमी नहीं दीदी, बहुत अच्छा है, इसीलिए तो।" आडवी रेघ हळूहळू उतरणीला लागली आणि दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. आत नेताना माझा हात धरून म्हणाल्या, "बाहेर आले की एक वाटी श्रीखंड. तुझ्या नको, सासूबाईंच्या वाटीनं."

पुढे आम्ही पुण्याला आलो, पण त्यांचं मोजणं सुटलं नाही. त्यांच्या लेकीने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं, तर फोनवर तक्रार, "हजरतगंजहून सायकलरिक्षात बसून आले, अन् हे म्हणतं मी चालत आले. रस्त्यातले खड्डे मोजतं मेलं!" रिक्षाची पावलं त्या इमानाने वजा करायच्या. अनंतराव मागून हसताना ऐकू यायचे. दहा वर्षांहून अधिक काळ ते हसले, ते वसुधाताईंच्या जिवावर. दुसरा शब्द मला सुचत नाही.

दिवसकार्य झालं. माझ्या निघण्याच्या दिवशी आम्ही दोघंच जेवायला बसलो. अनंतरावांच्या ताटात ती वाटी होती. "तुमची आहे," ते म्हणाले, "वसुधा म्हणायची, एकदा परत करायला हवी." मी म्हटलं, "राहू दे." त्यांनी मान हलवली. भात संपला तशी मी वरणाचं पातेलं घेऊन उठले, आणखी थोडं वाढावं म्हणून. त्यांनी वाटी निपटली आणि सावकाश ताटात उपडी घातली. माझं नाव वर आलं. मी पळी पातेल्यात ठेवली आणि खाली बसले.