ट्रेलरच्या मागच्या तीन सायकली

शेजारच्या आजोबांनी निवृत्त झाल्यावर एक जुना ट्रेलर घेतला होता. आत दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग व्हायचे. एक छोटं सिंक, आणि खिडक्यांना आजींनी घरी शिवलेले पडदे. महिन्यातून एकदा तो गाडीच्या मागे जोडायचा, कुठल्यातरी तळ्याकाठी दोन दिवस राहून यायचं, एवढीच त्या दोघांची चैन. आजोबांनी पस्तीस वर्षं शहरात बस चालवली होती. इतक्या वर्षांत कधी आरसासुद्धा घासला नाही, हे आजी सांगायच्या. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

आम्ही जपानमध्ये त्सुकुबात आलो तेव्हा लेक दोन वर्षांची होती. मी एका संस्थेत भाताच्या बियाण्यांवर संशोधन करत होते, नवरा घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करायचा. कचरा टाकताना बाटलीचं झाकण वेगळ्या पिशवीत, लेबल वेगळ्या पिशवीत, हे मला आजींनी शिकवलं. पुढे लेक शाळेत जायला लागली आणि दुपारी त्यांच्याकडेच बसू लागली. त्यांना ती जपानीत आजोबा-आजी, म्हणजे ओजीसान आणि ओबासान म्हणायची. आमच्याशी वाक्य मराठीत सुरू करून जपानीत संपवायची.

ती अकरा वर्षांची होती त्या उन्हाळ्यात माझ्या नोकरीचं काहीच खरं नव्हतं. करार मार्चपर्यंत होता आणि पुढचं कोणी बोलत नव्हतं. पुण्याला परत जायचं, असं आम्ही जवळजवळ धरून चाललो होतो. आजी-आजोबांनाही तसं सांगून ठेवलं होतं. दोन दिवसांनी आजोबांनी येऊन विचारलं, ऑगस्टमधल्या ओबोनच्या सुट्टीत आमच्याबरोबर इनावाशिरोच्या तळ्यावर येता का? ते ट्रेलरमध्ये राहणार, आम्ही शेजारी तंबू ठोकायचा.

लेकीनं लगेच विचारलं, "सायकली न्यायच्या का?"

तळ्याच्या काठानं सायकलवर फिरायचं, हे मीच तिला कधीतरी कबूल केलं होतं. प्रयोगशाळेच्या नादात तीन उन्हाळे असेच गेले होते. हा चौथा, आणि बहुतेक शेवटचा. मी म्हटलं, न्यायच्याच.

अडचण अशी होती की आमची गाडी लहानशी, इथे छोट्या इंजिनाच्या गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरप्लेटची. तिच्यात तंबू आणि सामानच जेमतेम मावत होतं. आणि माझी व नवऱ्याची सायकल बॅटरीवाली, एकेक जवळजवळ तीस किलोची. पण ट्रेलरच्या पाठीमागे आधीच्या मालकानं सायकली लावायची लोखंडी चौकट बसवलेली होती. आजोबांनी ती कधी वापरली नव्हती. मी त्यांना विचारलं, "आमच्या सायकली तिथे बांधल्या तर चालेल का?"

त्यांनी चौकटीकडे पाहिलं. दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "सा... चोत्तो..."

चोत्तो म्हणजे 'थोडंसं'. नऊ वर्षं जपानी लोकांबरोबर काम केलेल्या माणसाला सांगायला नको की असं अर्धवट सोडलेलं 'थोडंसं' म्हणजे 'नाही'. माझे प्रोफेसर 'चोत्तो' म्हणाले की मी तो प्रयोग त्याच दिवशी वहीतून काढून टाकायचे. आजोबांनी पुढे असंही सुचवलं की तिथे तळ्यापाशी भाड्यानं सायकली मिळतात म्हणे. मी म्हटलं, "हिला तिच्याच सायकलची सवय आहे ना." ते हसले आणि मान हलवली. मी ते हसणं होकार म्हणून घेतलं. मला ते तसंच घ्यायचं होतं.

निघायच्या सकाळी मी आणि नवऱ्यानं तिन्ही सायकली चढवल्या. पट्टे आवळले, चाकं फिरू नयेत म्हणून दोरीनं बांधली. आजोबा शेजारी उभे होते. बॅटऱ्या काढून गाडीत पुढे ठेवा म्हणाले, त्या आम्ही काढल्या. मागचे दिवे सायकलींआड झाकले जात नाहीत ना हे आजींना ब्रेक दाबायला लावून त्यांनी पाहिलं. मग ट्रेलरच्या आत शिरले आणि पाण्याचे कॅन, तांदूळ, शेगडी, जे जे हलेल ते पुढच्या बाजूला रचू लागले. अर्धा तास एकटे ते करत होते. बाहेर आल्यावर त्यांनी ट्रेलरचा पुढचा दांडा, जो गाडीला अडकवतात, तो हातानं उचलून पाहिला. एरवी तो उचलताना ते दोन्ही हात लावत, कमरेत वाकत. त्या दिवशी तो एका हातात आला. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि माझ्याकडे बघितलं.

मी लेकीच्या टोपीचा बंद बांधायला लागले.

मागे ओझं वाढलं की पुढचं टोक हलकं होतं आणि ट्रेलर गाडीच्या कह्यात राहत नाही, शेपटासारखा हलायला लागतो, हे मला नवऱ्यानं नंतर कागदावर काढून दाखवलं. पण त्याला कागद कशाला हवा होता? सी-सॉवर बसलेल्या कुठल्याही मुलीला ते कळतं.

लेक हट्टानं आजी-आजोबांच्या गाडीत मागे बसली. आम्ही आमच्या गाडीत त्यांच्या पाठोपाठ. समोर सतत त्या तीन सायकली दिसत होत्या, तिची निळी मधोमध. आजोबा ताशी सत्तरच्या वर जात नव्हते. इवाकी शहरापर्यंत रस्ता सपाट होता आणि सगळं ठीक चाललं होतं. नवरा म्हणालासुद्धा, "बघ, उगीच घाबरत होते."

मी म्हटलं, "घाबरत होते? तुला कधी म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. पण दिसत होतं की."

म्हणजे त्यालाही दिसलं होतं.

डोंगराळ भाग लागला. एका बोगद्यातून बाहेर पडल्यावर लांब उतार होता आणि उजवीकडून एक मोठा ट्रक आम्हा दोघांनाही ओलांडून गेला. तो ट्रेलरच्या बाजूनं गेला तेव्हा ट्रेलर किंचित डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आता जास्त. आजोबांनी ब्रेक मारला नाही. मागचे दिवे लागले नाहीत, हे मी अजून शपथेवर सांगेन. ब्रेक मारायचा नाही, फक्त पाय उचलायचा आणि स्टीअरिंग सरळ धरायचं, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते तेच करत होते. एक क्षण असा आला की झोके कमी होताहेत असं वाटलं. मग उतार आणखी तीव्र झाला आणि सायकलींसकट ते सगळं टोक एकदम आडवं आलं. मला खिडकीचे पडदे दिसले. ट्रेलर कुशीवर पडला आणि त्यानं गाडीला ओढत नेऊन डावीकडच्या कठड्यावर आपटलं.

मी धावत गेले तेव्हा लेक मागच्या सीटवर ताठ बसली होती. सीटबेल्टनं खांद्यावर लाल वळ उठला होता, तेवढंच. आजोबांना खरचटलंसुद्धा नव्हतं. गाडी डाव्या बाजूनं चेपली होती आणि डावीकडे आजी बसल्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या. "सुमिमासेन, सुमिमासेन," असं आमचीच माफी मागत होत्या. आजोबा त्यांचा हात धरून नुसते बसले होते.

आजींना घेऊन अँब्युलन्स गेली. हायवे पोलिसांचा एक तरुण अधिकारी वही घेऊन आला. रस्त्यावर पुढे पन्नास पावलांवर लेकीची निळी सायकल वाकडी होऊन पडली होती. त्यानं विचारलं, "हे सामान मागे कोणी लावलं?"

आजोबा म्हणाले, "ट्रेलर माझा आहे. वजनाचा अंदाज मी घेतला. चूक माझी आहे."

नवऱ्यानं तोंड उघडलं. "खरं म्हणजे—"

मी मराठीत म्हटलं, "गप्प बस. आपला व्हिसा मार्चपर्यंतच आहे. यात पडू नकोस."

मी ते हळू आवाजातही म्हटलं नाही. त्या रस्त्यावर ते वाक्य कळणारी आम्ही तिघंच होतो, म्हणून मला कसली भीती नव्हती. नवरा गप्प बसला. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. लेक खांद्याभोवती चांदीच्या रंगाचं ब्लँकेट घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

आजींचं कमरेचं हाड मोडलं होतं, मनगटही. दोन ऑपरेशनं झाली. नंतर त्या वॉकर धरून दहा-बारा पावलं टाकू शकायच्या, त्यापलीकडे नाही. त्यांच्या घराच्या दारातल्या उंच पायरीवर चढणं आता अशक्य होतं. थंडी सुरू व्हायच्या आत त्यांना वृद्धांच्या देखभालगृहात ठेवावं लागलं. आजोबांनी आपलं लायसन्स स्वतःच जाऊन परत केलं. देखभालगृहात जायला ते रोज बस पकडायचे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात, असं लेकीनं एकदा सांगितलं.

आम्ही मिठाईचा खोका घेऊन त्यांच्या दारात गेलो होतो, रीतसर वाकलो होतो. त्यांनी खोका दोन्ही हातांनी घेतला, आणि आम्हालाच म्हणाले की तुमच्या मुलीला घाबरवलं, माफ करा. मी तिथेही बोलले नाही.

जानेवारीत माझा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढला.

ती बातमी मी घरी सांगितली तेव्हा नवरा खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे चोळले. लेक जेवत होती. तिनं चमचा ठेवला आणि जपानीत म्हणाली, "म्हणजे आपण जाणार नाही?"

"नाही. इथेच राहायचं."

"मग ओजीसाननी उगीचच हो म्हटलं."

मी विचारलं, काय म्हणतेस? ती माझ्याकडे न बघता सांगत गेली. त्या दिवशी गाडीत, इवाकीच्या आधी, आजी आजोबांना म्हणाल्या होत्या, ट्रेलर मागे ओढल्यासारखा वाटतोय, तुम्ही नाही का म्हटलं नाहीत? आजोबा म्हणाले, ते परत चाललेत, पोरीची शेवटची सुट्टी आहे, एवढ्यासाठी नाही कसं म्हणू. मी सावकाश नेईन. आजी म्हणाल्या होत्या, तरी पुढच्या थांब्यावर सायकली उतरवा. आणि आजोबा म्हणाले होते, बरं, पुढच्या थांब्यावर.

"आणि आई," ती आता मराठीत म्हणाली, "पोलिसांना तू बाबाला बोलू दिलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी शेजारच्या दाराची बेल वाजवली. दारातच सगळं सांगितलं. त्यांचा नकार मला कळला होता, दांडा एका हातात आलेला मी पाहिला होता, आणि पोलिसांसमोर नवऱ्याला मी गप्प केलं. माझं जपानी अडखळत होतं. आजोबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"गाडी माझ्या हातात होती," ते शेवटी म्हणाले. "पस्तीस वर्षं लोकांना मागे बसवून चालवली. वजन बरोबर नाही हे मला कळलं होतं आणि तरी मी किल्ली फिरवली. त्यात तुमचा वाटा मला नको." मग म्हणाले, "पण पाय माझे गेलेले नाहीत. हे तुम्ही तिला सांगायला हवं."

मी देखभालगृहात गेले. खोली स्वच्छ होती, खिडकीबाहेर पार्किंग. आजी फार लहान दिसत होत्या. मी खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलले. त्यांनी ऐकलं. "सो देसु का," म्हणाल्या, असं होय. ऊन डोळ्यांवर येतंय, पडदा जरा ओढा म्हणाल्या. मी ओढला. मला वाटलं आता त्या 'असू द्या' म्हणतील. आजींच्या तोंडी ते शब्द मी नऊ वर्षं ऐकले होते, सांडलेल्या दुधापासून चुकीच्या दिवशी ठेवलेल्या कचऱ्यापर्यंत.

त्या म्हणाल्या, "तुम्ही पुन्हा येऊ नका." अर्धवट काही सोडलं नाही, सरळ म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मुलीला पाठवा. तिची मला आठवण येते."

मी वाकले आणि बाहेर आले. रडू आलं नाही. बसस्टॉपवर आजोबा उतरत होते, हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी. आम्ही एकमेकांना मान झुकवली आणि ते आत गेले.

आता दर बुधवारी शाळा सुटल्यावर मी लेकीला तिथे सोडते. ती तासभर आत असते, मी पार्किंगमध्ये गाडीत बसते. आजींच्या खिडकीतून गाडी दिसू नये म्हणून पलीकडच्या टोकाला लावते. परवा ती येऊन बसली तेव्हा मी विचारलं, "आजी कशा आहेत?"

"फुत्सू," ती म्हणाली. नेहमीसारख्याच. मग तिनं पट्टा लावला, आणि मी गाडी सुरू करायची वाट बघत बसली.