आजारी पाडायचं औषध

आमच्या आगरात नारळ-सुपारीच्या सावलीला पाच अगरवृक्ष आहेत. हे झाड सुखात असलं तर त्याच्या लाकडाला कोणी विचारत नाही. जखम होऊन आत बुरशी शिरली की ते बचावासाठी काळी, सुगंधी राळ करतं. तोच ऊद. म्हणून खोडाला भोकं पाडायची.

बाग सांभाळणाऱ्या काकांना हे पटेना. "वयनी, पोरावानी वाढवलीत. वाऱ्यात मोडली तं?"

"मोडू नयेत म्हणूनच मोजून पाडायची."

ड्रिलच्या बिटाला मी लाल चिकटपट्टी गुंडाळली; त्यापुढे आत जायचं नाही. भोकं एका रांगेत नकोत, जिन्यासारखी खोडाभोवती चढत जाणारी हवीत, शिवाय बाहेर किंचित उतार, म्हणजे पाणी साचत नाही. डोळ्यांना चष्मा लावा म्हटलं, तर काका पुतण्याच्या हळदीतला काळा गॉगल घालून आले.

"यातून भोक दिसेल का?"

"न्हाय दिसला तेच बरा."

सगळी भोकं मीच पाडली आणि त्यांत रोपवाटिकेतून आणलेलं बुरशीचं औषध सोडलं. "आता औषध घातलंय," असं सांगून शाळेत शिकवायला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर प्रत्येक भोक शेणमातीने बुजवून वर अंगठ्याने गुळगुळीत केलेलं. नारळाला भुंगा लागला की आम्ही हेच करतो.

"अहो, रोपवाटिकेवाल्याने भोकं उघडी ठेवायला सांगितलीयत, हवा लागली तरच बुरशी वाढते!"

"औषध घातलाव ना? मंग बुजवाया नको?"

"हे औषध आजारी पाडायचं आहे!"

काकांनी गॉगल काढला. "मंग औषध कशाला म्हनता? इख म्हना."

दुसऱ्या दिवशी छत्रीच्या काडीने चार झाडांची भोकं मोकळी केली. पाचव्यापुढे काका आडवे उभे राहिले. "ह्याला ऱ्हाऊ द्या." राहू दिलं. तुलनेला एक हवंच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पावसाळाभर प्रत्येक वादळानंतर काका खोडं हलवून बघत होते. एकही मोडलं नाही. पुढच्या वर्षी भोकांजवळ पटाशी चालवली, तर चारही झाडांत काळपट रेघा निघाल्या. एक ढलपी निखाऱ्यावर टाकली. काकांनी डोळे मिटून वास घेतला.

"आजार झ्याक हाय!"

मग पाचव्याचं लाकूड तपासलं. पांढरं स्वच्छ. काका त्याच्या खोडावरून हात फिरवत राहिले.

"ह्या बिचाऱ्याला कायबी झाला न्हाय वो," ते हळहळले. "मशीन कुठंय तुमची?"