दफनभूमीतली झारी

जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, आमच्या खाली राहणारे काका रविवारी बेल वाजवायचे ते बूट घालूनच. "चल, नवी डबी लपवलीये कुणीतरी." जीपीएसच्या बाणामागे धावत अशा डब्या हुडकायच्या, आणि आतल्या कोऱ्या कागदावर पहिलं नाव आपलंच लिहायचं, हा त्यांचा हट्ट. आजवर तो एकदाही पुरा झाला नव्हता. डबी जवळ आली की ते जर्मनमध्ये पुटपुटत, "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'बरोब्बर, बरोब्बर'.

त्या दिवशी बाण जुन्या दफनभूमीत शिरला. संशय नको म्हणून काकांनी नळाजवळची झारी भरली आणि एका कबरीवरच्या सुकलेल्या फुलझाडांना पाणी घालत उभे राहिले. मी भिंतीचे दगड चाचपत होतो. एक हलला. मागे डबी, आत कोरा कागद. तेवढ्यात फाटकाशी दोन सायकली थांबल्या, दोघांच्याही हातात जीपीएस.

"काका, लवकर या, सही करा."

"तूच कर रे," झारी घेऊन पुन्हा नळाकडे जात ते म्हणाले. "या आजोबांचं झालं, शेजारच्या आजी अजून कोरड्याच आहेत."